रोसेंदाचं पिंप

आमची आई गेली तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि रोसेंदा नऊ. वडिलांना त्याआधीच समुद्राने नेलं होतं. रोसेंदाला मी वाढवलं. तिच्या डोक्यातल्या उवा मी काढल्या, तिला प्रार्थना मी शिकवली आणि मासा खारवायलाही मीच शिकवलं. हे आधीच सांगून ठेवते. आपण घडवलेलं माणूस आपल्यापेक्षा मोठं झालं की माणसाला आनंद होतो म्हणतात. मला झाला नाही.

त्या वेळी आमच्या मोरेइरा गावाचं एकच मोठं जाळं होतं. प्रत्येक घराने विणलेला एकेक तुकडा त्यात जोडलेला, आणि ओढून जे येईल त्यात प्रत्येक घराचा वाटा. माझा नवरा अमारो त्या जाळ्याचा तांडेल, म्हणजे ओढणाऱ्यांचा म्होरक्या. ऑगस्टपासून नाताळापर्यंत खाडीत तारली यायची. थोडी ताजी विकायची, उरलेली बायकांनी आपापल्या घरी खारवायची. माझ्या हाताला मिठाचा अंदाज होता. इतरांची तारली थंडी संपायच्या आत खवट व्हायची, माझी ईस्टरपर्यंत टिकायची. डोंगरापलीकडून दारू घेऊन येणारे खेचरवाले आल्या आल्या विचारायचे, "दोमिंगाची आहे का?" नसेल तर दुसऱ्या कुणाची घेताना तोंड वाकडं करायचे. मला ते फार आवडायचं.

मी एकोणतीस वर्षांची होते तेव्हा कातालान आला.

नार्सिस बोफिल त्याचं नाव. बार्सेलोनाच्या बाजूचा, चाळिशीचा, बारीक अंगाचा माणूस. त्याच्या गलबतात पिंपांच्या फळ्या होत्या, पाउ नावाचा एक तरणा पिंपकरी होता आणि एक अख्खी ओकाची तुळई होती. मठाची किनाऱ्यावरची पडीक जागा त्याने भाड्याने घेतली. आमच्या मच्छीमारांच्या जमातीने हरकत घेतली, लेखनिकाकडून लांबलचक अर्ज लिहून घेतला. उत्तर आलं की राजाला असे उद्योग हवेच आहेत, अडथळा करू नये. मग पुरुष गुत्त्यात बसून त्याच्या तुळईवर विनोद करत राहिले, आणि तिकडे भिंती उभ्या राहिल्या.

एका सकाळी तो माझ्या दारात आला. मी त्याला माझी तारली दिली. त्याने ती उभ्यानेच खाल्ली, काटा बोटाने पुसून पाहिला.

"मीठ अचूक आहे," तो म्हणाला. "पण तेल आत राहिलंय. हीच दाबून तेल काढलं तर दोन उन्हाळे टिकेल. व्हॅलेन्सियापर्यंत जाईल."

"आमच्याकडे दोन उन्हाळे उरतच नाही," मी म्हटलं.

तो हसला. "मला तीस बायका लागतील, आणि त्यांच्यावर एक बाई. सगळे म्हणतात ती बाई तुम्हीच. याल?"

आत रोसेंदा शेंगा सोलत बसली होती. तिचे हात थांबलेले मला ऐकू आले.

"माझा नवरा गावजाळ्याचा तांडेल आहे," मी म्हटलं. "मी तुमच्याकडे आले तर त्याने जमातीत तोंड कसं दाखवायचं? नाही जमणार."

"बरं," तो म्हणाला, टोपी घातली आणि गेला.

आमच्याकडे पाहुण्याला दारूचा पेला पुढे केला की तो पहिल्यांदा नको म्हणतो. मग यजमान पुन्हा आग्रह करतो आणि पाहुणा घेतो. पहिलं नको हे नुसतं वळण असतं. बोफिल पुन्हा येईल याची मला खात्री होती. दुसऱ्यांदा काय बोलायचं, अमारोला कसं समजवायचं, तेही मी ठरवून ठेवलं होतं. अमारोने त्या संध्याकाळी गुत्त्यात सगळ्यांना सांगितलं, माझ्या बायकोने कातालानाला दारातून परत पाठवला. माझं कौतुक झालं. मी मात्र चार दिवस कान दाराकडे लावून होते.

पाचव्या दिवशी रोसेंदाने कामाचा जाड फडका कमरेला बांधला.

"कुठे निघालीस?"

"बोफिलकडे. काल त्याला विचारून आले. घेतो म्हणाला."

"मला विचारलंस?"

"तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, ताई. मग मला तुझा शब्द मोडून जावं लागलं असतं."

"आणि लोक काय म्हणतील? तांडेलाची मेहुणी परक्याच्या दारात?"

"तांडेलाच्या मेहुणीकडे हुंडा नाही, जमीन नाही, आणि बावीस वर्षांची झाली तरी ती बहिणीच्या चुलीपाशी झोपते. त्याबद्दल लोक काही म्हणतात का?"

मी तिला म्हटलं की गेलीस तर रात्रीची परत येऊ नकोस. रागात बोलले. ती खरंच आली नाही. कारखान्याच्या माळ्यावर आणखी तीन बायकांबरोबर राहू लागली. धुण्याच्या झऱ्यावर बायका तिला टोमणे मारायच्या, तिच्या अंगाला तेलाचा वास येतो म्हणून नाक दाबायच्या. मीही दाबायचे. मनातून मला तो वास हुंगायचा असायचा, म्हणजे मासा कसा झालाय ते कळलं असतं.

दुसऱ्या हंगामात बोफिलने तीस बायकांवर रोसेंदाला नेमलं.

हे मला झऱ्यावर बेनिताने सांगितलं. बेनिता म्हणजे तोंडाची फटकळ म्हातारी. तीही तोवर बोफिलकडे लागली होती. "तुझी बहीण आता आम्हाला हुकूम सोडते," ती म्हणाली. "पण पोरीचा हात बघ गं, दोमिंगा. मीठ टाकते तेव्हा बघत राहावं असं वाटतं. कुणी शिकवलं तिला?"

"मी."

"मग तू का नाही आलीस?"

त्या दिवसापासून माझ्या पोटात जे शिरलं ते बाहेर निघालं नाही. रविवारी चर्चमध्ये ती पुढे बसलेली दिसायची. पहिल्या वर्षी पायात लाकडी खडावा होत्या, तिसऱ्या वर्षी चामड्याचे बूट आले. मी प्रार्थना म्हणता म्हणता त्या बुटांचे टाके मोजायचे. तिने नवा शेला घेतला की मी त्याचं कापड हलकं ठरवायचे. ती कुणाशी हसली तर माझ्यावरच हसते आहे असं वाटायचं. आणि ती माझ्या आंद्रेयाला, माझ्या लेकीला, चर्चच्या पायऱ्यांवर उचलून घ्यायची तेव्हा पोर जी तिच्या गळ्यात पडायची, ते तर मला बघवायचं नाही. एकदा घरी येऊन मी पोरीला विनाकारण मारलं.

एकदा अमारो पानात गुंडाळलेल्या चार तारल्या घेऊन आला. त्याला कुणीतरी कारखान्यातल्या दिल्या होत्या. त्याने मक्याच्या भाकरीवर एक ठेवली, खाल्ली, मग दुसरी घेतली.

"काय रे?" मी विचारलं.

"काही नाही."

"बोल की."

"चांगली आहे," तो म्हणाला. मान वर केली नाही. "घट्ट आहे. जिभेवर तेल राहत नाही. तुझी खाल्ल्यावर दारू लागते, हिच्यावर पाणीसुद्धा लागत नाही."

तो भांडायला म्हणून बोलला नव्हता. मासा कळणारा माणूस, चव लागली तसं बोलला. मी उरलेल्या दोन उचलून मांजरीला घातल्या. मांजर खात असताना मी तिच्या तोंडातला एक तुकडा काढून घेतला, पडवीत जाऊन खाल्ला. चांगली होती. माझ्यापेक्षा चांगली होती.

मग गावजाळं संपलं. बोफिलने स्वतःच्या होड्या आणल्या, लहान जाळी आणली. ती चार माणसं ओढू शकायची. तारली खाडीच्या आत यायच्या आधीच तोंडापाशी उचलली जायची. आमच्या मोठ्या जाळ्याला साठ हात लागत. पहिल्या वर्षी पन्नास आले, पुढच्या वर्षी तीस. बाकीचे बोफिलच्या होड्यांवर, कारण तिथे मासा येवो न येवो, दिवसाचं ठरलेलं मिळायचं. शेवटच्या हंगामात अमारो सकाळी किनाऱ्यावर उभा राहून शंख फुंकायचा आणि अकरा माणसं यायची. त्या हिवाळ्यात घराघराने आपापला जाळ्याचा तुकडा उसवून नेला. अमारोने आमचा तुकडा कोंबड्यांच्या वाड्यावर टाकला आणि तो गुत्त्यात जास्त बसू लागला.

कोबीच्या रश्श्यात चरबीचा तुकडा पडेनासा झाला तेव्हा मी फडका बांधला आणि कारखान्यात गेले. पहिल्यांदा विचारल्याला पाच वर्षं झाली होती.

रोसेंदा दारात होती. तिने मला पाहिलं आणि मिठाचे हात फडक्याला पुसले.

"ये, ताई," ती म्हणाली. आवाजात ना आनंद, ना टोमणा. "उद्यापासून ये. काडीवर बस."

काडीवर म्हणजे खाऱ्या टाक्यातून काढलेल्या तारल्या डोळ्यांतून बारीक काडीवर ओवायच्या आणि समुद्राच्या पाण्यात खळबळून धुवायच्या. ते नवख्या पोरींचं काम.

"मिठावर नको?" मी विचारलं.

"सगळ्यांना आधी काडीवरच बसवते. मीही बसले होते. इथलं मीठ घालणं आपल्या घरच्यासारखं नाही, बघून घे आधी."

तिचं बरोबर होतं. घरी मी मीठ घालून मासा रचून ठेवायचे. इथे तो टाक्यात मुरायचा, मग धुवायचा, मग पिंपात गोल गोल रचायचा, शेपट्या मधे, डोकी कडेला. पिंपावर लाकडी चकती, चकतीवर ती तुळई. तुळईचं एक टोक भिंतीत अडकवलेलं, दुसऱ्या टोकाला दगड टांगलेले. आठ-दहा दिवस तुळई दाबत राही आणि पिंपाच्या फटींतून तेल झिरपत पन्हळीत जाई. मला हे सगळं शिकायलाच हवं होतं. पण पंधरा वर्षांच्या पोरींमध्ये बसून काडीत मासे ओवताना माझी बहीण माझ्या मागून चालत जायची, तिच्या बुटांचा आवाज यायचा, आणि माझी मान ताठ व्हायची. दोन वर्षं मी अशी काढली. ती मला कधी वाकडं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

सातव्या वर्षी पाँतेवेद्रा शहरातून काही गृहस्थ आले. नव्या विचारांची माणसं. एकाच्या हातात वही, दुसरा डोळ्याला भिंग लावून मासे बघायचा. देश सुधारायचा तर किनारा सुधारला पाहिजे असं ते बोफिलला सांगत होते. मीठ कुठून येतं, बायका किती तास बसतात, तेल चामडं कमावायला जातं की दिव्याला, सगळं लिहून घेत होते. बेनिताला एकाने विचारलं की तिचं वय काय. ती म्हणाली, "तुम्हीच लिहा काय शोभेल ते."

जाताना त्यांनी जाहीर केलं की खाडीकाठच्या गावांमधल्या बायकांनी स्वतःच्या हाताने केलेलं उत्तम पिंप निवडून बक्षीस द्यायचं. पदक, आणि पिंपावर नाव डागण्याचा हक्क. झाकणावर कारखानदाराचं नाही, बाईचं नाव.

बोफिलने अर्थातच रोसेंदाला सांगितलं. तिने मासे स्वतः निवडले, एकाच मापाचे. मीठ स्वतः घातलं. पिंप पाउने दोनदा करून दाखवलं तेव्हा तिने एक पसंत केलं. पाउ तिच्यापाशी उगाच रेंगाळायचा, तेही मी पाहत होते. पिंप रचायला ती दीड दिवस बसली. बायका येऊन बघून जायच्या. वरून आत पाहिलं तर ते गोल चांदीचं फूल उमलल्यासारखं दिसत होतं. मी पण पाहिलं. मला रडू आलं, आणि ते कौतुकाचं नव्हतं.

झाकणावर तिचं नाव येणार होतं. रोसेंदा ओउतेइरो. आमच्या बापाचं नाव, माझंही नाव. ते पिंप व्हॅलेन्सियाला जाणार आणि तिथले लोक म्हणणार, रोसेंदाची आहे का.

तुळई चढवली त्याच्या दुसऱ्या दिवशी सान मिगेलचा सण होता. सगळे मिरवणुकीला गेले. मी डोकं दुखतं सांगून मागे राहिले. पाउच्या ढलप्यांमधून एक चांगली ओकाची पाचर घेतली आणि तुळई आणि पिंपाच्या काठाच्या मधे ठोकून बसवली. आता दगडांचा भार काठावर जाणार होता, माशांवर नाही. इथला धुतलेला मासा तेल आत राहिलं की बंद पिंपात महिन्याभरात खवट होतो. बाहेरून पाहिलं तर तुळई खाली, दगड लटकलेले, सगळं जिथल्या तिथे. पाचर काठाच्या सावलीत होती.

"हे पिंप तेल कमी देतंय गं," तीन दिवसांनी बेनिता म्हणाली.

रोसेंदाने पन्हळ पाहिली. "मासा बारीक घेतलाय मी. बारकीला तेल कमी."

मी दोन हातांच्या अंतरावर बसले होते. तोंड उघडायला एक क्षण होता, तो मी जाऊ दिला. नवव्या दिवशी सगळ्या जेवायला बसल्या तेव्हा मी पाचर काढून चुलीत टाकली. पिंप बंद झालं.

सहा आठवड्यांनी पाँतेवेद्रात सगळ्या गावांची पिंपं उघडली. बोफिल आणि रोसेंदा दोघं गेले होते. परत आले ते वेगवेगळे. आधी बोफिल घोड्यावरून, मग संध्याकाळी रोसेंदा चालत. झाकण काढलं तेव्हा वरचे मासे पिवळे पडलेले, आणि वास इतका की भिंगवाल्या गृहस्थाने रुमाल काढला. कुणीतरी हसलं. बोफिल सात वर्षं खाडीकाठच्या ज्या लोकांना सांगत आला होता की माझी पद्धत पाहा, त्यांच्यासमोर हे झालं होतं.

दुसऱ्या सकाळी त्याने सगळ्या बायकांना उभं केलं.

"तुळईवर कोण होतं?"

पन्हळ बेनिताकडे असायची. ती पांढरी पडली. मी कबूल केलं असतं की नाही, मला आजही सांगता येत नाही. कारण त्याआधी रोसेंदा बोलली.

"बेनिताचा संबंध नाही. मला घाई झाली होती, मालक. मी दोन दिवस आधीच दगड उतरवले."

"तू?"

"हो."

बोफिलने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्याला ते पटलं नसावं. पण तीस बायकांसमोर तिने कबूल केलं होतं, आणि तो शब्दाला शब्द मानणारा माणूस होता. "मग तुझं इथलं काम संपलं," तो म्हणाला.

त्याच दुपारी त्याने मला बाजूला बोलावलं. "सात वर्षांपूर्वी मी तुम्हाला विचारलं होतं," तो म्हणाला. "आता विचारतो. याल?"

मी लगेच हो म्हटलं.

रोसेंदा गाठोडं घेऊन निघाली तेव्हा मी गावाबाहेरच्या क्रूसापर्यंत तिच्यामागे गेले. का गेले कोण जाणे. कदाचित तिला काही माहीत नाही ना, एवढंच बघायला. ती थांबली.

"काठावर चेप होता," ती म्हणाली. "दोन बोटं रुंद. पाँतेवेद्रात झाकण काढायच्या आधीच मला दिसला. सान मिगेलला डोकं तुझं दुखत होतं."

मी क्रूसाकडे बघत राहिले.

"तुझं नाव मी घेतलं असतं तर त्याने तुला हाकललं असतं. अमारो काही कमवत नाही. आंद्रेया अकरा वर्षांची आहे. एवढंच कारण. मी काही संत नाही, ताई."

"रोसेंदा—"

"ऐक. तुझ्या हाताखाली मला परत यायचं नाही आणि तू माझ्या हाताखाली असलीस तर मला रोज मागे वळून बघावं लागेल. त्यापेक्षा हे बरं. बोफिलने तुला विचारलं का?"

"विचारलं."

"मग झालं तुझं." तिने गाठोडं डोक्यावर घेतलं. "जाड मिठाचा साठा भिंतीकडेचा आधी वापर, तो ओला होतो."

ती खाडीला वळसा घालून पलीकडे कान्सेलाला गेली. दोन महिन्यांनी पाउही बोफिलची नोकरी सोडून तिकडे गेला. तो पिंपं करायचा, ती मासा घालायची. आधी एक तुळई, भाड्याच्या पडवीत. मग दोन. लग्नाला मला निरोप आला होता. मी कामाचं निमित्त सांगितलं.

मी बोफिलचा कारखाना चांगला चालवला, हे मला कुणीही नाकारणार नाही. एकही पिंप परत आलं नाही. मला पण चामड्याचे बूट मिळाले. पण पाठ करून उभी राहिले तरी पलीकडचा किनारा मला दिसायचा. खाडी तिथे इतकी अरुंद आहे की शांत हवेत कुत्रं भुंकलेलं ऐकू येतं. त्यांच्या छपरावर गवताऐवजी कौलं कधी चढली, दुसरी भिंत कधी उठली, सगळं मी मोजत होते. आमच्या झाकणांवर बोफिलचं नाव होतं. तिच्या झाकणांवर तिचं. पदक नाही मिळालं तरी तिने आपला लोखंडी ठसा करून घेतला, तिला कुणाची परवानगी लागलीच नाही. हवं होतं ते मला मिळालं होतं, आणि ते तिने टाकून दिलेलं होतं. हे कळायला मला फार वेळ लागला नाही, पण कळूनही पोटातली आग गेली नाही.

आंद्रेया एकोणीस वर्षांची झाली तेव्हा म्हणाली, "आई, मी मावशीकडे जाते."

"इथे काय कमी आहे?"

"इथे तू आहेस," ती म्हणाली. "तू मला मिठाला हात लावू देत नाहीस. तीन वर्षं झाली, मी काडीवरच आहे."

मला ते कधी दिसलंच नव्हतं. पोरीचा हात चांगला होता आणि मी तिला काडीवर बसवून ठेवली होती. मला वाटलं आता तरी हिला सांगावं, नाहीतर ही पण मावशीच्या तोंडून ऐकेल. मी तिला पाचरीचं सगळं सांगितलं. धक्क्यावर, दिवसाढवळ्या, होडीवाला वाट बघत असताना.

तिने ऐकून घेतलं. "मावशी कधी बोलली नाही," एवढंच म्हणाली आणि होडीत बसली. पुढे वर्ष-सव्वा वर्ष ती माझ्याशी बोलली नाही. अमारो वारला तेव्हा आली, मातीला थांबली आणि गेली. रोसेंदा तापाने अंथरुणावर होती, तिने मेणबत्त्या पाठवल्या.

त्यानंतरच्या ऑक्टोबरमध्ये एका सकाळी आंद्रेया होडीतून आली ती धावतच कारखान्यात शिरली. खाडीच्या पलीकडच्या अंगाला इतकी तारली घुसली होती की माणसं टोपल्यांनी उपसत होती. आमच्याकडे त्या आठवड्यात काहीच नव्हतं, बायका रिकाम्या काड्या पुसत बसल्या होत्या.

"मावशीकडे बारा बायका आहेत," आंद्रेया सगळ्यांसमोर म्हणाली. "उद्या दुपारपर्यंत मीठ लागलं नाही तर सडेल. तिने विचारलंय, तुमच्यातल्या येतील का."

बायका माझ्याकडे बघायला लागल्या. बोफिल गावी गेला होता, निर्णय माझा. आमच्याकडेही उद्या मासा येईल, असं म्हटलं असतं तर कुणी काही बोललं नसतं. मला तिकडचा सडका ढीग डोळ्यासमोर दिसला, आणि खोटं कशाला बोलू, तो दिसला तेव्हा क्षणभर बरं वाटलं. आंद्रेया माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती.

"तिने माझं नाव घेऊन विचारलं?" मी म्हटलं.

"नाही. बायकांना विचारलं."

"सगळ्या चला," मी म्हटलं आणि फडका बांधला.

आम्ही तेवीस जणी तीन होड्यांतून गेलो. रोसेंदाचा कारखाना मी पहिल्यांदाच आतून पाहिला. उजेडाला काचेच्या खिडक्या होत्या. आमच्याकडे अजून लाकडी झडपा. टाक्या दगडी, आतून गुळगुळीत. पन्हळीला उतार बरोबर. मी चालता चालता एखादी तरी खोट शोधत होते, आणि मला ती सापडली नाही. रोसेंदा टाक्यापाशी उभी होती. आजारानंतर तिचे केस पिकले होते, अंगावरचं कापड ढिलं झालं होतं. तिने बायकांना जागा वाटून दिल्या. माझ्यापाशी आली तेव्हा थांबली.

"मिठावर बस," ती म्हणाली. "तिसऱ्या टाक्याला."

मी बसले. दुपारपर्यंत डोकं वर केलं नाही. हात आपोआप चालत होते. मग तिचे बूट माझ्या शेजारी थांबले.

"ताई, जरा कमी टाक. आमचं मीठ बारीक आहे, लवकर चढतं."

मी तीस वर्षं मीठ टाकत आले होते. मला जीभ चावून धरावी लागली. तिने चिमूट घेऊन माझ्या तळहातावर ठेवली, मी ती बोटांनी चोळून पाहिली. बारीक होतं खरं.

"किती कमी?" मी विचारलं.

"एक पंचमांश."

मी तेवढं कमी केलं. ती थोडा वेळ उभी राहून बघत राहिली आणि पुढच्या टाक्याकडे गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटची टोपली संपली. त्यातला एकही मासा सडला नाही.